ट्रॉलीत भार किती घालावा?

लासलगावची बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली, तेव्हा निफाड, येवला व चांदवड ह्या भागांतील कांदा बैलगाडीने बाजारात येत असे. आज तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणि पिकअप गाड्यांतून येतो. वाहनांच्या रांगा लागतात, लिलाव वाहनातच होतो, आणि बोली तुटल्यावर भरलेले वाहन भुईकाट्यावर चढते. पुढे व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा उतरविला की तेच वाहन रिकामे होऊन पुन्हा काट्यावर येते. दोन वजनांतील फरक हे मालाचे निव्वळ वजन होय. त्यावर हिशेब होतो, पट्टी मिळते, आणि काट्याची पावती खिशात घालून शेतकरी घरी परततो.

ह्या पावतीवर तीन आकडे असतात. शेतकऱ्याचे लक्ष असते ते तिसऱ्याकडे, कारण पैसे त्याचे मिळतात. पहिले दोन आकडे मात्र वाचले न जाताच पावती फाईलमध्ये जाते. वाहनाचे भरलेले वजन व रिकामे वजन प्रत्येक खेपेला, निराळा खर्च न करता, कागदावर लिहून मिळत असताना आपली ट्रॉली मर्यादेत आहे किंवा नाही हे बहुतेकांना ठाऊक नसते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ह्या विषयाची सुरुवात त्या पावतीपासूनच करावी.

एक उदाहरण घेऊ. भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचे वजन ८,५०० किलो भरले. रिकामी झाल्यावर ते ३,५०० किलो आले. त्यांत ट्रॅक्टर २,००० किलोचा व ट्रॉली १,५०० किलोची. म्हणजे कांदा ५० क्विंटल. आता ट्रॉलीचे नोंदणीपत्र काढून पाहावे. त्यात रिकाम्या ट्रॉलीचे वजन आणि मालासह अनुज्ञेय असलेले एकूण वजन असे दोन आकडे दिलेले असतात. ह्या ट्रॉलीचे अनुज्ञेय वजन ४,५०० किलो आहे असे धरल्यास तीत ३० क्विंटलच माल घालावयाचा होता. २० क्विंटल जादा झाला. येथे एक नेहमीची गैरसमजूत दूर करणे जरूर आहे. नोंदणीपत्रावरील एकूण वजन म्हणजे मालाचे वजन नव्हे. त्यातून रिकाम्या वाहनाचे वजन वजा केल्यावर जे उरते तेवढाच माल. पुष्कळजण पहिला आकडाच मालाची मर्यादा समजतात आणि तेथेच दीड टनाची चूक करून बसतात.

ट्रॅक्टर तर हा भार सहज ओढतो, मग अडचण कोठे आली, असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. ओढण्याची शक्ती इंजिनाची असते, परंतु थांबविण्याचे काम इंजिन करीत नाही. ते मागच्या दोन चाकांना करावे लागते. गावोगावच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, आणि साधारण ट्रॅक्टरचा ब्रेक मागच्या चाकांनाच असतो. सबब सगळ्या गाडीला, मग ती साडेसहा टनांची असो वा साडेआठ टनांची, थांबविण्याची जबाबदारी जमिनीला टेकलेल्या त्या दोन टायरांवर येते. टायराची जमिनीवर पकड किती, हे त्यावर पडलेल्या भारावर व रस्त्यावर अवलंबून असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती भाराच्या सुमारे सहा दशांश मिळते. सुट्या खडीवर किंवा ओल्या मुरमावर तीन दशांशच.

वरील उदाहरणातील ट्रॉली मर्यादेत, म्हणजे ३० क्विंटल भरली, तर ट्रॅक्टरसह एकूण वजन ६,५०० किलो होते. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर त्याचे स्वतःचे व हुकावरून आलेले मिळून १,८०० किलो वजन पडते असे धरू. रस्ता २० फुटांमागे १ फूट उतरत असेल तर गाडी ३२५ किलोच्या जोराने खाली ओढली जाते. खडीच्या रस्त्यावर मागची चाके जास्तीत जास्त ५४० किलोचा जोर धरू शकतात. पैकी ३२५ उताराने खाल्ले. गाडी थांबविण्यासाठी उरले २१५. ताशी २० किलोमीटर वेगाने उतरणारी गाडी अशा स्थितीत सुमारे ४८ मीटरवर थांबते. आता त्याच ट्रॉलीत ५० क्विंटल घातले. एकूण वजन ८,५०० किलो. उताराची ओढ ४२५ किलो झाली. मागच्या चाकांवरचा भारही थोडा वाढेल, २,०५० किलो होईल, व पकड ६१५ किलोची मिळेल. उरले १९० किलो, आणि ते साडेआठ टनांना पुरवावयाचे. गाडी थांबण्यास सुमारे ७० मीटर लागतात. उतार १५ फुटांमागे १ फूट झाला की ६१५ पैकी ५६७ किलो उतारच खातो आणि उरतात ४८. ह्या ४८ किलोंत साडेआठ टनांची गाडी थांबते असे म्हणण्यापेक्षा ती थांबत नाही असेच समजावे.

वेगाचा हिशेब ह्याहून कडक आहे. वेग दुप्पट केला तर थांबण्याचे अंतर चौपट होते. कोरड्या डांबरावर, २० फुटांमागे १ फूट उतारावर, तीच जादा भरलेली गाडी ताशी २० किलोमीटरवरून सुमारे साडेसोळा मीटरवर थांबते. ताशी ४० वर तिला सासष्ट मीटर लागतात. चांदवडजवळच्या राहूड घाटात मुंबई–आग्रा महामार्गावर ट्रॅक्टर घेऊन उतरणाऱ्याने हे अंतर एकदा पावलांनी मोजून पाहावे. वळणावर समोर एवढी जागा मोकळी दिसतच नाही.

उतारावर ट्रॅक्टर न्यूट्रल करून डिझेल वाचविण्याची सवय काही चालकांना आहे. वाचणारे डिझेल कपभर असते. इंजिनाची रोध सुटली की सगळा भार ब्रेकच्या पट्ट्यांवर येतो, त्या तापतात, आणि तापलेल्या पट्ट्या ज्या क्षणी अधिक धरावयास हव्यात त्या क्षणी कमी धरतात. ज्या गिअरमध्ये तो घाट चढावा लागला असता त्याच गिअरमध्ये तो उतरावा. मात्र लहान गिअरमुळे पकड वाढते असे कोणी समजू नये. इंजिनाची रोधही शेवटी त्याच दोन टायरांतून जमिनीवर उतरते. वर सांगितलेल्या ६१५ किलोंत त्यामुळे एका किलोचीही भर पडत नाही. ब्रेक थंड राहतात, एवढाच त्याचा लाभ, आणि तो पुरेसा मोठा आहे. शेतात वळण घेताना एकेका चाकाचा ब्रेक निराळा दाबता यावा म्हणून ट्रॅक्टरला दोन पेडले असतात. रस्त्यावर येताच ती दोन्ही कडीने जोडलेली असलीच पाहिजेत. नाहीतर घाईत एकच पेडल दाबले जाते, एका बाजूचे चाक अडते, मागून ट्रॉली ढकलतच राहते आणि ट्रॅक्टर आडवा होतो.

भार कोठे ठेवावा

ही गोष्ट जुन्या शेतकऱ्यास शिकवावी लागत नाही, तिची आठवण करून द्यावी लागते. बैलगाडी भरताना माल मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होई, जू वर उचले व बैलांच्या गळ्याला फास बसे. माल पुढे जास्त झाला तर जू मानेवर दाबले जाऊन बैल पावले आखूड टाकीत. गाडीवान धुरा हाताने उचलून पाही, आणि दोन पोती मागेपुढे करून मगच गाडी जुंपी. दोन चाकांच्या ट्रॉलीचे गणित तेच आहे. फरक एवढाच की ट्रॅक्टर मान हलवून तक्रार करीत नाही.

माल मागच्या फाळक्याकडे अधिक झाल्यास ट्रॉलीचा दांडा हुकाला वर उचलतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार त्यामुळे कमी होतो, म्हणजे जी पकड आधीच अपुरी ती आणखी घटते. शिवाय चढावर पिन उडाली तर ट्रॉली मागे सुटते. माल फार पुढे घेतल्यास हुकावर बोजा बसतो आणि ट्रॅक्टरचे तोंड हलके होते. तोंड हलके झालेल्या ट्रॅक्टरचे सुकाणू फिरते, पण ट्रॅक्टर वळत नाही. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, असा साधारण नियम आहे. आपला ट्रॅक्टर त्यात बसतो की नाही हे भुईकाट्यावरच पाहता येते. भरलेली ट्रॉली जोडलेली असताना ट्रॅक्टरची पुढची दोन चाके तेवढी काट्यावर चढवावीत व आकडा वाचावा. २,००० किलोच्या ट्रॅक्टरला तो ४०० च्या खाली येता कामा नये. आल्यास माल मागे सरकवावा, कमी करावा, अथवा पुढे लोखंडी वजने लावावीत. दांडा ट्रॅक्टरच्या हुकालाच जोडावा. तो तीन-बिंदू जोडणीच्या वरच्या भागाला किंवा उंच बसविलेल्या गावठी कडीला अडकविल्यास चढावर ट्रॅक्टर मागे उलटण्याचे भय असते.

माप आणि वजन

ट्रॉलीचे फाळके कोणी वाढवावेत ह्याला बंधन नाही असे समजून गावातील वेल्डिंगच्या दुकानात दोन फुटांचे चार फूट केले जातात. फाळका हे माल सांडू नये म्हणून घातलेले कुंपण आहे, ते भाराचे माप नव्हे. ११ फूट लांब व ६ फूट रुंद ट्रॉली घेतली तर तिच्या तळाचे क्षेत्र ६६ चौरस फूट होते. घरच्या घरी एक फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच असा लाकडी खोका करून त्यात कांदा भरावा व तोलावा. तो साधारण १६ किलो भरतो. कांद्याच्या आकारावर व सुकण्यावर किलो-दीड किलोचा फरक पडेल, म्हणून स्वतःचाच माल तोलणे चांगले. ३,००० किलोला १६ ने भागले की सुमारे १८७ घनफूट येतात, आणि त्याला ६६ ने भागले की उंची निघते पावणेतीन फुटांहून किंचित अधिक. ह्या ट्रॉलीत पावणेतीन फुटांवर आतून रंगाची रेघ ओढावी. चार फुटांचे फाळके भरून वर नऊ इंच शीग लावली की पन्नास क्विंटल होतात, ते असे.

आता त्याच खोक्यात कोरडी वाळू भरली तर तो ४५ किलोच्या आसपास तुलतो. म्हणजे त्याच ट्रॉलीत वाळू केवळ एक फूट उंच घालता येते. कांद्याला लागलेली डोळ्यांची सवय घेऊन जो चालक दोन फूट वाळू भरील, त्याच्या मागे जवळजवळ सहा टन असतील आणि ट्रॉली निम्मी रिकामी दिसेल. शेणखताचे वजन त्यातील ओलाव्याप्रमाणे फार बदलते. त्याला एक रेघ पुरत नाही, प्रत्येक उकिरड्याचा खोका निराळा तोलावा लागतो. पाण्याचा हिशेब सर्वांत सोपा, लिटरला किलो. तरी चूक तेथेही होते. टंचाईच्या वर्षी द्राक्षबागा जगविण्यासाठी सिन्नर, येवला, चांदवडकडे ट्रॅक्टरमागे पाण्याच्या टाक्या धावतात. ५,००० लिटरची टाकी म्हणजे ५,००० किलो पाणी, लोखंड निराळे. ट्रॉलीची मर्यादा ३,००० किलोची म्हणून मोठ्या टाकीत अर्धेमुर्धे पाणी भरणे हाही उपाय नव्हे, कारण मोकळी जागा असलेल्या टाकीत पाणी हेलकावते आणि ब्रेक दाबताच पुढे, वळणावर बाहेरच्या बाजूला धडकते. टाकीच ट्रॉलीच्या मर्यादेची घ्यावी, तिच्यात आडव्या पट्ट्या असाव्यात, आणि ती पूर्ण भरून न्यावी.

पिकअप

मुंबईकडे भाजीपाला, टोमॅटो नेणाऱ्या पिकअप गाड्यांना कसारा घाट उतरावा लागतो. तेथील लोहमार्गाचा चढ ३७ फुटांमागे १ फूट एवढाच आहे, तरी जड गाड्यांना तो चढविण्यासाठी मागे जादा इंजिने जोडण्याची रीत रेल्वेने ठेवलेली आहे. पिकअपचालकाकडे असे जादा इंजिन नसते. त्याच्याकडे गॅरेजमध्ये वाढवून घेतलेले पाटे असतात. भाराखाली गाडी बसते, म्हणून मागच्या पाट्यांत एक-दोन पाने वाढविली जातात व गाडी पुन्हा सरळ उभी राहते. तिचे ब्रेक, ॲक्सल, टायर आणि चाकांचे नट जुनेच राहतात. बसलेली गाडी निदान जादा भार डोळ्यांना दाखवीत होती. पाटे वाढविल्यावर तेही दिसेनासे होते. टोमॅटोच्या बाबतीत हिशेब सोपा आहे. एक भरलेला क्रेट तोलावा, नोंदणीपत्रावरून निघालेल्या मालाच्या मर्यादेला त्या वजनाने भागावे, आणि तितके क्रेट मोजून चढवावेत. रिकाम्या क्रेटचे वजनही मालातच धरावयाचे.

पिकअपच्या मागे छोटी ट्रॉली, फवारणीचे यंत्र किंवा जनरेटर जोडण्याचे प्रकार आपल्याकडे थोडे आहेत, पण होतात. गाडीच्या माहितीपुस्तिकेत ओढण्याचा भार दिलेला नसेल तर ती गाडी ओढण्यासाठी केलेली नाही असे समजून काहीही जोडू नये. दिलेला असेल तर दोन मर्यादा एकदम पाळाव्या लागतात. मागच्या वाहनाचे वजन ठरलेल्या आकड्यात बसले पाहिजे, आणि त्याचा जो भार हुकावर पडतो तो पिकअपच्या स्वतःच्या मालात धरला पाहिजे. हुकावर १०० किलो भार आला तर पिकअपच्या हौद्यातून १०० किलो माल उतरवावा लागतो. दोन्ही वाहने स्वतंत्रपणे मर्यादेत असून जोडल्यावर पिकअप मर्यादेबाहेर जाते, असे ह्यामुळे घडते.

कायदा व खर्च

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ प्रमाणे नोंदणीपत्रावरील एकूण वजनापेक्षा अधिक भार घेऊन वाहन चालविणे मना आहे, आणि त्यात ट्रॉलीही येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली दंड २०,००० रुपये व जादा भाराच्या प्रत्येक टनास २,००० रुपये असा आहे. माल उतरविण्याचा खर्च निराळा, आणि जादा माल उतरल्याशिवाय वाहन पुढे जाऊ दिले जात नाही. चालक दुसरा असल्यास ही गोष्ट मालकाच्या माहितीने वा हुकमाने घडली असे न्यायालय गृहीत धरू शकते. म्हणून ‘ड्रायव्हरने भरले’ हे उत्तर मालकाच्या उपयोगी पडेलच असे नाही. आपल्या उदाहरणातील दोन टनांसाठी दंड २४,००० रुपये होतो. क्विंटलला १,२०० रुपये भाव धरला तर त्या २० क्विंटल कांद्याचे नेमके तेवढेच येतात.

जादा भार घालण्याचे कारण लोभ असते असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. लाल कांदा टिकत नाही. तो काढला की विकावा लागतो. आवक वाढली की भाव कोसळेल ह्या धास्तीने आजच सगळा बाजारात न्यावा असे वाटते, आणि भाड्याचे वाहन खेपेवर पैसे घेते. चाळीत ठेवता येणाऱ्या उन्हाळ कांद्याला ही घाई नसते, तरी सवय तीच राहते. ह्यावर शेजारधर्माचा उपाय अधिक चालतो. दोघातिघांनी मिळून काढणीचे दिवस मागेपुढे करावेत व एकमेकांच्या ट्रॉल्या वापराव्यात, म्हणजे एकाच्या ५० क्विंटलांच्या दोन खेपा भाड्याचा बोजा न वाढता होऊ शकतात. काढणीचा दिवस ठरविताना गावपातळीवरील कार्यकर्त्याने ही गोष्ट काढावी. ट्रॉली भरून झाल्यावर काढण्यात अर्थ नाही.

माल उतरवून परतताना अगर कांदालागवडीच्या दिवसांत रिकाम्या ट्रॉलीत मजूर बसविले जातात. पंचवीस बायामाणसे म्हणजे सव्वा टन वजन झाले, आणि हे वजन उभे राहते, एका बाजूला सरकते, फाळक्यावर बसते. भरलेल्या कांद्यावर माणसे बसविणे त्याहून वाईट. माणसांसाठी निराळे वाहन करावे, येथे दुसरी तोड नाही.

निघण्यापूर्वी ट्रॉलीच्या टायरांत पुस्तिकेत सांगितलेली हवा आहे की नाही हे मापकाने पाहावे. काठी मारून आवाजावरून अंदाज घेण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण कमी हवेचा टायर भाराखाली तापून फुटतो व तो नेहमी रस्त्याच्या मधोमध फुटतो. पिन पूर्ण जाडीची असावी, खिळा किंवा सळई वापरू नये, खाली कॉटर पिन घालावी आणि दांड्यापासून ट्रॅक्टरपर्यंत एक मजबूत साखळी सैल अडकवून ठेवावी. मागील फाळक्यावर लाल परावर्तक पट्ट्या असाव्यात. पहाटेच्या धुक्यात रांगेत नंबर लावण्यासाठी निघालेली मातकट रंगाची ट्रॉली मागून येणाऱ्यास दिसत नाही. ट्रॉलीच्या मागील बाजूस ट्रॅक्टरचा नोंदणीक्रमांक लिहिणे कायद्याने आवश्यक आहेच. त्याच वेळी रंगाऱ्याकडून ट्रॉलीच्या बाजूवर मोठ्या अक्षरांत ‘माल इतके क्विंटल’ असे लिहून घ्यावे आणि आतील रेघही त्याच डब्यातील रंगाने ओढून घ्यावी.